पार्किंगमधली बोट

"ही तर पार्किंगमधून स्कूटर काढतानाही दोन्ही पाय जमिनीला घासत जाते. हिच्या हातात बोट द्यायची?"

हे माझ्याबद्दल चाललं होतं आणि मी खांबामागे उभी होते. बोलणारे आमच्या सोसायटीतले फोरमनकाका आणि ऐकणारे चेअरमन. पुढे जावं तर मी ऐकलं हे कळणार, मागे फिरावं तर चप्पल वाजणार, म्हणून मी हेल्मेट पोटाशी धरून तिथेच थांबले. चेअरमन मवाळ माणूस. ते म्हणाले, स्वतःहून नाव देणारी ती एकटीच बाई आहे, शिकू तर द्या. त्यावर काका म्हणाले,

"शिकवतो की. पास करायचं का नाही, ते मी बघणार."

हाउसिंग सोसायटीला बोट कशाला, असं तुमच्या मनात येईल. आमच्या दोन इमारती पवनेच्या काठावर आहेत. वर मावळात पाऊस लागून राहिला आणि धरणातून पाणी सोडलं की नदी कंपाउंडची भिंत ओलांडून आत येते. ए इमारतीत पायऱ्यांपर्यंत, आणि आमच्या बी इमारतीत, जी खोलगट जागी आहे, थेट स्वयंपाकघरात. अशाच एका पुरानंतर कमिटीनं एक जुनी रबरी बोट आणि तिचं इंजिन विकत घेतलं. बोट ए इमारतीच्या पार्किंगमध्ये, स्कूटरींच्या रांगेत, निळ्या ताडपत्रीखाली असायची. इंजिन मीटररूममध्ये कुलपात. कुलपाची चावी काकांच्या घरी खिळ्याला, कारण मशीनमधलं त्यांना कळतं.

आम्ही बी इमारतीत तळमजल्यावर राहतो. बाबांची डावी बाजू पक्षाघातानं गेली आहे. त्या पुरात चार जणांनी त्यांना चादरीत घालून, छातीएवढ्या पाण्यातून पलीकडच्या जिन्यापर्यंत नेलं. नेणाऱ्यांचे उपकारच आहेत. पण वरच्या मजल्यावरून कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. त्यात बाबांची लुंगी सुटलेली दिसते. खाली कोणी हात जोडल्याची चित्रं टाकली, कोणी हसणारा चेहरा टाकून मग पुसला. त्यानंतर बाबा संध्याकाळी बागेत बसायला आले नाहीत. पुढच्या वेळी त्यांना मी नेणार होते, नीट बसवून. मला बोट हवी होती ती एवढ्यासाठीच.

काका चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूमचे फोरमन होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी इस्त्रीच्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी असायची. त्यांच्या हाताखाली शिकलेले एक गृहस्थ आमच्याच सोसायटीत राहतात. आज त्यांचं चाकणला स्वतःचं वर्कशॉप आहे, हाताखाली माणसं आहेत. पण लिफ्टमध्ये काका दिसले की ते जिन्यानं जायचे. त्यांनी मला टूलरूमची रीत सांगितली. शिकाऊ पोरानं दिवसभर घासून केलेला लोखंडाचा तुकडा, म्हणजे जॉब, काकांपुढे ठेवायचा. काका तो उजेडात धरणार, "रिजेक्ट" म्हणणार आणि भंगाराच्या पेटीत टाकणार. काय चुकलं ते सांगणार नाहीत. आपलं आपण शोधायचं. मी विचारलं, आणि विचारलं तर? ते म्हणाले, "विचारायची पद्धतच नव्हती, बेटा."

बोट शिकायला आम्ही रविवारी टेम्पोत बोट टाकून धरणाच्या मागच्या पाण्यावर जायचो. तिथे काठाला एका सभासदाच्या नात्यातल्यांची जमीन होती. माझ्याबरोबर सोसायटीतले दोन तरुण होते. त्यांना काका चहा पिता पिता शिकवत. माझी पाळी आली की ते काठावरच्या खुर्चीत बसत आणि पट्टी काढून नखं साफ करत.

इंजिनाचा दांडा उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे वळते. वाचायला सोपं आहे. पाण्यावर पहिल्यांदा मी नेमकी उलटी वळले आणि झाडांच्या बुडालेल्या खोडांत शिरले. काठावरून "रिजेक्ट". दुसऱ्यांदा नीट वळले, तरी "रिजेक्ट". वेग जास्त होता का? कमी होता का? मी प्रत्येक वेळी वळून त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची, आणि बघण्याच्या नादात पुन्हा चुकायची. त्या दोघांना हसू यायचं. काका मला नावानं हाक मारत नसत. "ए कॉन्व्हेंट, इंग्लिशमध्ये सांगू का?" आणि मग इंग्लिशमध्येही सांगत नसत.

त्या जमिनीच्या मालकीणबाई बांधावर बसून हे सगळं बघायच्या. एकदा मी पाणी प्यायला गेले तेव्हा त्यांनी काकांकडे हनुवटीनं खूण केली. "म्हातारं लय बाराचं हाय. एकदा ढकल की पान्यात. आमी न्हाई बघत." मी हसले. आणि खरं सांगायचं तर, परत जाताना पाणी कुठे खोल आहे ते बघत गेले.

एका रविवारी काका म्हणाले, आज एकटी जा, पलीकडच्या टेकाडाला हात लावून ये. मी निघण्याआधी ते स्वतः बोटीत वाकले आणि पेट्रोलची टाकी फडक्यानं पुसून दिली. मला बरं वाटलं. त्यांनी माझ्यासाठी केलेली ती पहिलीच गोष्ट होती.

पाण्याच्या मध्यावर इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. मी दोरी ओढली. पुन्हा ओढली. वारा बोटीला हळूहळू खोडांकडे नेत होता. ऊन डोक्यावर. काठावर ते तिघं जेवायला बसलेले दिसत होते. मी हात हलवला तेव्हा त्यांतल्या एकानं उठून काकांना काहीतरी विचारलं, आणि काकांनी त्याला हातानंच खाली बसवलं. दोरीनं तळव्याला फोड आले, ते फुटले, मग मी ओढणी गुंडाळून ओढू लागले. मी रडले का, असं नंतर आईनं विचारलं. मी नाही म्हटलं. तिथे पाहायला कोणी नव्हतं, त्यामुळे ते माझ्याजवळच राहू दे.

त्या टाकीच्या झाकणावर हवेसाठी एक छोटा स्क्रू असतो. तो बंद असला तरी इंजिन सुरू होतं, थोडं अंतर चालतं, मग टाकीत हवा शिरत नाही म्हणून पेट्रोल येणं थांबतं. मला ते कळलं, कारण टाकीचं प्लास्टिक गालासारखं आत ओढलेलं दिसलं. स्क्रू सैल केला तर टाकीनं मोठा श्वास घेतला. काकांनी टाकी पुसण्याआधी तो स्क्रू मी स्वतः उघडला होता. म्हणजे पुसताना त्यांनी तो बंद केला होता.

मी टेकाडाला हात लावून परत आले. तळवा लपवला. काका दात कोरत होते.

"उशीर. रिजेक्ट."

तो स्क्रू कोणी बंद केला, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. टेम्पोत मी मागे बोटीजवळ बसून आले.

त्या आठवड्यात मी पेट्रोलचा रिकामा कॅन परत करायला त्यांच्या घरी गेले. काका हॉलमध्ये पेपर वाचत होते. काकूंनी चहा आणून ठेवला. काकांनी एक घोट घेतला आणि एका बोटानं कप टेबलाच्या कडेपर्यंत सरकवला. काकूंनी कप उचलला. आलं कमी की साखर जास्त, काही विचारलं नाही. मी त्यांच्यामागून स्वयंपाकघरात गेले. त्यांनी आलं किसून घातलं, उकळी आणली, नेऊन ठेवला. कप परत सरकला. मग त्या आत आल्या, कप ओट्यावर ठेवला आणि खिडकीतून बाहेर बघत उभ्या राहिल्या. काहीच केलं नाही. थोड्या वेळानं तोच कप उचलून नेला आणि काकांनी तो पिऊन टाकला.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. काकू इतकंच म्हणाल्या, "तिसऱ्या वेळी मी काही बदलत नाही गं. नवीन होते तेव्हा रडायचे."

आता हे मी कसं सांगू? मी चाकणच्या ज्या कंपनीत काम करते तिथे क्वालिटी विभागात आहे. एखादा भाग परत पाठवायचा तर कारण लिहावंच लागतं. कारण असणारच, हे माझ्या हाडात बसलेलं. त्या स्वयंपाकघरात मला पहिल्यांदा कळलं की कारण नसूही शकतं. माझी चूक मी महिनोन्‌महिने ज्या चेहऱ्यावर शोधत होते, तिथे कधीकधी ती नव्हतीच.

पुढच्या रविवारी मी स्क्रू तपासला, दोरी ओढली आणि निघाले. मागे पाहिलं नाही. तेवढाच फरक. पण न बघितल्यावर बाकीचं सगळं दिसायला लागलं. वारा कुठून येतो ते पाण्याच्या सुरकुत्यांवरून दिसतं. इंजिनाचा आवाज जड झाला की पात्यात गवत अडकलंय. काठाला लागताना इंजिन लवकर बंद केलं तर बोट मध्येच मरते, उशिरा केलं तर आदळते, आणि या दोहोंच्या मधली जी जागा आहे ती पोटात कळते. मी ती जागा पुन्हा पुन्हा गाठत राहिले. मागून "रिजेक्ट" ऐकू येत होतं, पण आता ते दूरच्या गाडीच्या हॉर्नसारखं वाटत होतं. मी पाण्यावर एकटीच मोठ्यानं हसले. असा आवाज माझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं.

काकांनी मला पास केलं नाही. त्या दोघांना केलं.

पुढच्याच पावसाळ्यात, सकाळीच, पाणी आलं. त्या दोघांतला एक पहिल्या शिफ्टला चाकणला गेलेला आणि वाटेतला पूल बंद झालेला. दुसरा गावी. मी पाण्यातून ए इमारतीच्या जिन्यावर आले आणि काकांच्या दारात उभी राहिले. चेअरमन आधीच तिथे होते, काकांना समजावत होते. काका म्हणत होते, कच्च्या हातात इंजिन देऊन माणसं मारायची नाहीत, फायर ब्रिगेडची वाट बघा. त्यांना भीती वाटत असेल, असंही मी नंतर मनाशी म्हणून पाहिलं. पण आवाज भीतीचा नव्हता. जॉब उजेडात धरल्यावर होतो तसा होता.

काकू आतून आल्या. त्यांनी खिळ्यावरची चावी काढली आणि काकांच्या समोरून हात नेऊन माझ्या हातात दिली. काकांनी फक्त पट्टी खिशातून काढली आणि परत खिशात ठेवली.

मी बाबांना आणलं. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खुर्ची बोटीत घेतली, आई पुढे बसली. बाबांनी शर्टाची सगळी बटणं लावली होती आणि भांग पाडला होता. मग बाकीच्यांना आणलं, दोन-तीन जण करून. शेवटच्या फेरीला वरच्या मजल्यांवरून लोक टाळ्या वाजवत होते आणि मोबाईल पुन्हा बाहेर आले होते. या वेळी बाबांनी पायऱ्यांवरच्या खुर्चीतून वर बघून हात केला.

काका पायऱ्या उतरून आले. टाळ्या थांबल्या. ते वाकले, बोटीच्या कुशीवरून बोट फिरवलं. गेटच्या ग्रिलला घासून तिथे एक ओरखडा पडला होता.

"रबर घासलंय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "रिजेक्ट."

ओरखडा खरा होता.

त्यानंतर चावी कमिटीनं माझ्याकडे ठेवली. काकांनी माझ्याशी बोलणंच सोडलं. पण महिन्यातून एकदा मी पार्किंगमध्ये इंजिन ड्रममधल्या पाण्यात ठेवून चालवायची, तेव्हा ते वर गॅलरीत येत. काही खटकलं की पट्टीनं ग्रिलवर टकटक करत. कधी दोन, कधी पाच. काय ते सांगत नसत. कधी मी शोधायची आणि खरंच काही सापडायचं. कधी मान वर न करता काम चालू ठेवायची. हिवाळ्यातल्या एका रविवारी टकटक आली नाही. मी इंजिन बंद करून वर पाहिलं तर गॅलरीत फक्त टॉवेल वाळत होता. त्यांना आदल्या दिवशी दवाखान्यात नेलं होतं. त्या दिवशी माझं काय चुकलं, ते मला कळलं नाही.

शोकसभा पार्किंगमध्येच झाली, कारण सगळ्या खुर्च्या तिथेच मावतात. चेअरमन म्हणाले, काका म्हणजे फणस. वरून काटे, आत गोड गरे. वर्कशॉपवाले गृहस्थ उठले आणि त्यांनीही फणसच सांगितला. तिसऱ्यांनी फणसावरून माझ्याकडे वळून सांगितलं की या पोरीला त्यांनी पोटच्या मुलीसारखं शिकवलं, म्हणून त्या दिवशी इतके जण वाचले. लोकांनी माना डोलावल्या. काकू पहिल्या रांगेत होत्या. प्रत्येक फणसाला त्याही मान हलवत होत्या, आणि दर वेळी मान हलायला थोडा उशीर लागत होता.

मग माईक माझ्याकडे आला. एरवी मी तो पुढच्याला देते. देणारच होते. पण काकू माझ्याकडे बघत होत्या, आणि मी काय म्हणणार हे ठाऊक असल्यासारखी त्यांची मान आधीच हलायला लागली होती.

मी म्हणाले, "बोट मला त्यांनीच शिकवली, ते खरं आहे. पण काका फणस नव्हते. आतूनही तसेच होते."