भाड्याचा टेटू

"मॅडम, झाड एक म्हणजे स्पीशीज एक. तेवढ्याच जागेत शंभर कुंड्या मावतात. तुम्हीच हिशोब करा," प्रिन्सिपॉल कुलकर्णी सर म्हणाले.

आम्ही दोघं कॉलेजच्या मागच्या अंगणात टेटूच्या झाडाखाली उभे होतो. इन्स्पेक्शन तोंडावर आलं होतं आणि सरांना ते झाड तोडायचं होतं.

चलथाणकडच्या रस्त्यावरचं आमचं खाजगी आयुर्वेद कॉलेज. मी तिथे द्रव्यगुण शिकवत असे. म्हणजे औषधी वनस्पती ओळखायची कशी आणि तिचा कुठला भाग कशासाठी वापरायचा, हा विषय. नियम असा की कॉलेजला स्वतःची वनौषधी बाग हवी आणि तिच्यात यादीतल्या पुरेशा जाती हव्यात. बाग कमी पडली तर सीट कापतात. सीट कापल्या की पगार लांबतात. सरांची भीती अगदीच खोटी नव्हती, हे कबूल करते.

पण ते झाड साधं नव्हतं. बाळंतिणीला दशमुळांचा काढा देतात, त्या दहा मुळांतलं एक टेटूचं. फांदी छाटली तर पुन्हा फुटते. मूळ काढायचं म्हणजे झाडच गेलं. औषधवाल्यांनी मागितलं, व्यापाऱ्यांनी आणवलं, आणि आता डांगच्या जंगलात टेटू दाखवा म्हटलं तर माहितगारही मान हलवतात. माझं झाड तिथल्याच बियांचं. पिशव्या भरभरून बिया पेरल्या होत्या, जगलं एकच रोप. ते मोठं झालं, आणि त्या पावसाळ्यात पहिल्यांदा फुललं. हातभर लांब, चपट्या शेंगा धरल्या. अजून हिरव्या होत्या.

"सर, शेंगा वाळेपर्यंत थांबा. उन्हाळ्याच्या तोंडाला बी हाती येईल. मग खुशाल तोडा."

"कमिटी शेंगा वाळायची वाट बघेल का?"

"मग कुंड्या गच्चीवर ठेवा."

"गच्चीवर बाग? आणि पेव्हर ब्लॉक येऊन पडलेत मॅडम. ते काय परत पाठवू?"

ब्लॉक खरोखरच येऊन पडले होते. म्हणजे निर्णय आधीच झाला होता आणि मला फक्त कळवायला आणलं होतं. मी ट्रस्टींना फोन केला. ते म्हणाले, कुलकर्णींशी बोला.

दुसऱ्या दिवशी लेक्चर संपवून खाली आले तर झाड आडवं पडलेलं. आमचा माळी धुळ्याकडचा, राहायला लिंबायतला. कुऱ्हाड पाठीमागे धरून म्हणाला, "मॅडम, माले सायेबनी सांगं. मी काय करू?" त्याच्यावर चिडून काय उपयोग? ज्याच्यावर चिडायचं तो माणूस वर एसीत बसला होता. मी शेंगा तोडून घेतल्या आणि रिक्षाने पर्वत पाटियातल्या घरी आले. रिक्षावाल्याने विचारलं, कसली भाजी? इतका संताप मला आयुष्यात क्वचित आला असेल.

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी नर्सरीवाल्या भरतभाईचा टेम्पो आला. हा माणूस कॉलेजांना कुंड्या विकत नाही, भाड्याने देतो. कुंड्या उतरतात, दोन दिवस बाग होतात, पुढच्या कॉलेजला जातात. प्रत्येक कुंडीला नावाची पाटी असते. झाड तोडून घातलेल्या ताज्या ब्लॉकांवर त्याने रांगा लावल्या. एका कुंडीवर लिहिलं होतं, टेटू.

"भरतभाई, ये टेटू नहीं है. ये तो अरडूसो है."

अरडूसो हे गुजराती नाव, म्हणजे आपला महारुख. इथे शेताच्या बांधावर हवा तेवढा मिळतो. त्याचं पान चुरडलं की उग्र वास येतो.

"हां बेन, मालूम है," भरतभाई शांतपणे म्हणाला. "पण असली टेटू अब मिलता किधर है? इधर चलथाण बाजू किसी कॉलेज में एक झाड था, ऐसा सुना था."

मी तडक सरांकडे गेले. "निदान पाटी तरी खरी लावा. महारुख लिहा."

"महारुख यादीत दुसऱ्या कुंडीवर आहे मॅडम. टेटू मात्र लागतोच."

कमिटी आली. त्यातले सोनटक्के सर माझ्याच विषयाचे, विदर्भाकडच्या एका कॉलेजातले, निवृत्तीला टेकलेले. मी मराठी आहे म्हटल्यावर खुलले.

"मॅडम, तुमच्याकडे टेटूचं मोठं झाड आहे ना? मागच्या रिपोर्टात वाचलं. आमच्याकडे शोधून सापडत नाही. मुद्दाम कॅमेरा आणलाय."

कुलकर्णी सर मध्ये पडले. "ते वाळवी लागून गेलं, सर. पण रोप आहे ना, या इकडे."

सोनटक्के सर कुंडीपाशी वाकले. एक पान खुडलं, बोटांत चुरडलं, नाकाशी नेलं.

"सर, हा टेटू नाही," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "आणि झाडाला वाळवी नव्हती. त्याच्या बुंध्यावर आपण उभे आहोत."

कुलकर्णी सरांचा चेहरा उतरला. सोनटक्के सर मात्र सावकाश रुमालाला बोटं पुसत राहिले. मग इतरांना ऐकू जाणार नाही असं मला म्हणाले, "मॅडम, ही काठावर टवका उडालेली कुंडी मी ओळखतो. आमचं इन्स्पेक्शन झालं तेव्हा अशीच भाड्याने आली होती. एवढ्या लांब. पाटी हीच होती."

त्यांनी कॅमेरा पिशवीत ठेवला आणि सही केली. शेरा होता, 'बाग समाधानकारक.' एकही सीट कापली गेली नाही. पगार वेळेवर झाले, माझाही झाला आणि मी तो घेतला.

शेंगा बाल्कनीत वाळवल्या. कोवळ्याच तुटल्या होत्या, आत नुसते पोकळ पापुद्रे निघाले. तरी पेरले. काही उगवलं नाही.

निवृत्तीनंतर मी अजून पेपर तपासते. टेटूवर हमखास प्रश्न असतो. पानं कशी, शेंग कशी, मुळाचे गुण काय, मुलं सगळं बिनचूक लिहितात. झाड पाहिलंय का, हे पेपरात विचारत नाहीत. मीही पैकीच्या पैकी मार्क देते.