ठामरावांनी आधीच काढून ठेवलेलं उत्तर

ऑफिसात त्यांना ठामराव म्हणत, अर्थात पाठीमागे. लिफ्ट कधी येईल हेही ते बटण दाबायच्या आधी सांगत, आणि अंदाज चुकला तर दोष लिफ्टचा असे.

त्यांचं काम कंपायलरवर होतं. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल अशा रूपात उतरवणारं हे साधन. त्यातला कुठला हिशेब प्रोग्राम चालण्याआधीच उरकता येईल, हे ठरवणारा भाग ठामरावांचा. सात गुणिले चोवीसचं उत्तर आज तेच, उद्याही तेच. ते आधीच काढून जागच्या जागी बसवून द्यायचं. पण हिशेबात प्रोग्राम वापरणाऱ्याने भरायचा एखादा आकडा असला, की सगळं लांबणीवर. जरा शंका असली तरी कंपायलर निमूट थांबतो, त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. हा गुण ठामरावांनीच त्याच्या अंगी बाणवला. स्वतःसाठी चिमूटभरही ठेवला नाही.

एके दिवशी हाताखालच्या मुलीने एका फंक्शनचं, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्याचं, उत्तर आधीच काढून बसवलं, कारण दर चाचणीत ते एकच येत होतं. ठामरावांनी सगळ्यांसमोर तिची हजेरी घेतली. उत्तर नेहमी सारखं येतं हा काही पुरावा नव्हे, ते म्हणाले. आत उघडून बघ, बाहेरचं काही शिरतंय का. मुलगी रडकुंडीला आली. ठामराव खुशीत घरी निघाले.

खुशीला आणखी एक कारण होतं. दुसऱ्या शहरातल्या शाखेचं प्रमुखपद त्यांनी त्याच दुपारी स्वीकारलं होतं. घरी विचारायचंय का, असं साहेबांनी म्हटलं, तर हे नुसते हसले. बायकोचं उत्तर त्यांना पाठ होतं. सोफ्याचा रंग असो की त्यांच्या आईला द्यायची खोली, लग्न झाल्यापासून ती 'चालेल' म्हणत आली होती.

ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. मुख्याध्यापिका म्हणून तिची निवड झाली होती आणि सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. तिने हे घरी सांगितलंही होतं. ठामरावांनी ते ऐकलं होतं, पंख्याचा आवाज ऐकावा तसं.

जेवताना त्यांनी सामान कधी बांधायला घ्यायचं ते सांगितलं. त्यांच्या आईचा घास हातातच राहिला. बायको सावकाश पाणी प्यायली.

"मी येत नाहीये," ती म्हणाली.

"अगं, पण तू कायम चालेलच म्हणतेस."

"चालण्यासारखं होतं, म्हणून म्हटलं. सोफ्याच्या रंगावाचून माझं काय अडलं होतं, अहो?"

ठामराव साक्षीदार शोधावा तसे आईकडे वळले. "माझ्याकडे काय बघतोस?" आई म्हणाली. "मला तरी कुठे विचारलंस? मी सुनेजवळ राहणार."

सोमवारी शाळेला होकार गेला. दिलेला शब्द मागे घेणं ठामरावांच्या शिस्तीत बसत नव्हतं, म्हणून ते एकटेच त्या शहरात गेले. आता संध्याकाळी खोलीवर आले की ते घरी फोन लावतात आणि शनिवारी येऊ का, असं विचारतात. बैठक आहे, बघून सांगते, असं मुख्याध्यापिकाबाई म्हणतात. मग ठामराव फोन हातात धरून बसून राहतात.