ॲसिडची खोली

मेघाली सावे तारापूरजवळच्या घिवलीची. तिच्या वडिलांना सगळं गाव तात्या म्हणतं. तारापूरच्या एमआयडीसीत रंगांसाठी लागणारी रसायनं बनवणारा एक कारखाना आहे, तिथे तात्या सत्तावीस वर्षं काम करतात. आई मंदा घरामागची चिकूची आणि पानवेलींची वाडी सांभाळते.

मेघाली अकरा वर्षांची असताना कारखान्यात पाइपचा जोड सुटला आणि तात्यांच्या डाव्या हातावर, मानेवर नायट्रिक ॲसिड उडालं. सात महिने ते घरी होते. ड्रेसिंग बदलताना मंदा मुलीला वाडीत पाठवायची, पण वाडीतही तिला सगळं ऐकू यायचं. आठव्या महिन्यात तात्या परत त्याच प्लांटवर गेले. त्या दिवसापासून शिफ्ट सुटायच्या वेळी मेघाली ओट्यावर बसून राहायची. त्यांना दहा मिनिटं उशीर झाला तरी ती उठून रस्त्यापर्यंत जायची. कारखान्यांकडून, बोईसरच्या बाजूने मोठा आवाज आला की मायलेकी एकमेकींकडे न बघता आधी फोन शोधायच्या.

ती चित्रं काढायची. मुंबईच्या कला महाविद्यालयात तिने लाकूड आणि रबरासारखं मऊ लिनोलियम कोरून छापायला शिकून घेतलं आणि त्यात तिचा हात चांगला बसला. मग पोलंडमधल्या क्राकूव शहरात एक वर्ष छापचित्रं शिकायची शिष्यवृत्ती मिळाली. निघताना तात्या एवढंच म्हणाले, "जेवत जा."

तिथे गेल्यावर तिला कळलं, की पहिलं सत्र धातूच्या पत्र्यावरच्या कामाचं आहे. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने त्यात चित्र ओढायचं आणि पत्रा ॲसिडमध्ये बुडवायचा. मेण निघालेल्या रेषा ॲसिड खातं, त्यात शाई भरून छाप घ्यायचा. कार्यशाळेच्या टोकाला त्यासाठी वेगळी खोली होती. पहिल्या दिवशी दार उघडलं आणि तात्यांच्या शर्टांना यायचा तोच वास तिच्या नाकात गेला. ती मागच्या मागे फिरली आणि बाथरूममध्ये जाऊन ओकली.

पुढचे दोन महिने तिने कोणाला काही सांगितलं नाही. ती पत्र्यावर सरळ सुईने ओरखडे काढायची आणि तेवढ्यावर छापायची. हालिना नावाच्या साठीच्या शिक्षिका होत्या. त्या एकदा म्हणाल्या, "हे ओरखडे दहा-पंधरा छापांत झिजतील. तू त्या खोलीत का जात नाहीस?" मेघाली म्हणाली, सर्दी झाली आहे.

मार्चमधल्या एका मंगळवारी, क्राकूवमध्ये दुपारचे दोन आणि गावी संध्याकाळ असताना, चुलतभावाने व्हिडिओ पाठवला. काळा धूर, भोंगा, पळणारी माणसं. रस्ता एमआयडीसीतला, तिच्या ओळखीचा होता. तात्यांची सेकंड शिफ्ट होती, म्हणजे ते कारखान्यातच होते. तिने आईला फोन लावला.

"त्यांचा फोन लागत नाय," मंदा म्हणाली. "मी गेटवर चालले. तू लाइन मोकळी ठेव."

मग अडीच तास काहीच नाही. मेघाली कार्यशाळेतल्या बाकावर फोन मांडीवर ठेवून बसली. हालिनाबाई शेजारी येऊन बसल्या, चहा दिला. साडेचारला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी हाय," तात्या म्हणाले. "बाजूच्या कंपनीत झालं. आमाला मागच्या गेटने काढलं. मोबाइल आत जमा हायेत, म्हणून उशीर."

दुसऱ्या दिवशी तिने व्हिडिओ कॉल केला आणि पहिल्यांदा सांगून टाकलं.

"तात्या, इथे ॲसिडची खोली हाय. मला आत जाता येत नाय."

"कुठलं ॲसिड?"

"नायट्रिक."

"किती टक्के?"

"माहीत नाय."

"आधी ते विचार," तात्या म्हणाले. "भीती वाटते?"

"तुमाला नाय वाटत?"

"रोज वाटते. एवढ्या वर्षांत एकच दिवस नाय वाटली. घरी पाहुणे यायचे होते, डोकं तिकडं होतं. त्याच दिवशी भाजलो."

त्या अपघाताबद्दल ते घरात कधी बोलले नव्हते. आता मात्र अर्धा तास बोलले. पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाय. हातमोजा मनगटाला घट्ट हवा, आत थेंब गेला तर मोजाच तो कातडीला धरून ठेवतो. आत शिरताना दार किती पावलांवर आणि नळ किती, ते बघून ठेव. मेघालीने सगळं लिहून घेतलं.

त्याच आठवड्यात ती आत गेली. हालिनाबाई दारात उभ्या राहिल्या. पत्र्यावर तिने कारखान्याच्या गेटसमोर थांबलेल्या बायका काढल्या होत्या. पत्रा बुडवला, पण वेळ झाल्यावर तो बाहेर काढायला हात पुढे जाईना. ती मोजे घालून तशीच उभी राहिली. शेवटी काढला तेव्हा ॲसिडने रेषा फार खाल्ल्या होत्या. छाप घेतला तेव्हा मधल्या बाईच्या चेहऱ्याच्या जागी नुसता काळा खड्डा दिसला. हालिनाबाईंनी तोच छाप भिंतीवर लावला. वर्ष संपेपर्यंत मेघालीने आणखी सहा पत्रे केले. प्रत्येक वेळी तिने नळापर्यंतची पावलं मोजली.

परत आल्यावर तिने वाडीत पत्र्याची शेड घातली आणि मुंबईहून छापायचं जुनं यंत्र आणलं. नायट्रिक मात्र घरात आणायचं नाही, असं तिने ठरवलंच होतं. पानवेलीवर फवारायला वाडीत मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, असतोच. मोरचूद आणि मीठ पाण्यात विरघळवलं की जस्त तसंच कोरलं जातं, धूर होत नाही. ही रीत ती क्राकूवमध्येच शिकली होती.

यंदा मे महिन्यात तात्यांच्याच प्लांटवर वायुगळती झाली. कोणाला इजा झाली नाही, पण तपासणीसाठी कारखाना तीन आठवडे बंद राहिला. ते दिवस तात्या शेडमध्ये होते. पाण्याची मापं त्यांनी खडूने दारावर लिहून ठेवली, पत्रे घासून दिले, मिश्रण स्वतः ढवळलं. मोरचुदालाही ते मोजे घालूनच हात लावायचे. मेघाली एकदा म्हणाली, "आता इथेच राहा ना." ते म्हणाले, "निवृत्तीला दोनच वर्षं उरली."

काल कंपनीचं पत्र आलं. सोमवारपासून हजर व्हायचं आहे, सेकंड शिफ्ट. मंदाने युनिफॉर्म धुऊन वाळत घातला आहे. मेघाली शेडमध्ये आहे, सकाळपासून तिने एकही छाप काढलेला नाही.