दोरीवरचा लाकडी बैल

"तुह्या बाबाचा चहा थंडा झाला... उठून नाही राह्यले." आईचा फोन एवढाच. मी वाशीमहून मिळेल ती एसटी धरली आणि वाटभर एकच गोष्ट मनात घोळत राहिली, की बाबा गेले ते घरात गेले. आमच्या घरात.

मी पाचवीत असताना बाबा मामाशी भांडून तरातरा निघाले, ते शेजारच्या मेडशीत आत्याकडे जाऊन राहिले. माणूस मऊ, पण राग नाकावर. राग उतरला तेव्हा लाज आडवी आली. ताईच्या लग्नालाही आले नाहीत, कन्यादान मामाने केलं. त्या दिवशी आईने ठरवलं, या माणसाचा पाय आता उंबरठ्याच्या आत पडू द्यायचा नाही. आणि आईने ठरवलं म्हणजे ठरवलं.

पण पोळ्याला दारात आलेल्या बैलाला कोण परत पाठवणार? बाबांनी हे बरोबर हेरलं. मेडशीचा पोळा फुटला, की आत्याची जोडी घेऊन तडक आमच्या दारात! आई बैलांचे पाय धुवायची, कुंकू लावायची, पुरणपोळी भरवायची. बाबांकडे बघायचीसुद्धा नाही. बोलायची ते बैलाशी. "काहून रे राजा, लई वाळला यंदा? खायले देत नाही का कोणी?" बाबा बैलाच्या पाठीवर हात फिरवत सांगायचे, "देतात ना. पण घरची चव कुठं त्याले?" मला हसू यायचं, बाबांचा रागही यायचा, आणि ते पाठमोरे झाले की जीव तुटायचा. कितीतरी वर्षं हे असंच चाललं.

मग आत्याकडे ट्रॅक्टर आला, जोडी विकली गेली. त्या पोळ्याला बाबा आले नाहीत. आई पाण्याचा तांब्या घेऊन ओट्यावर बसून होती. विचारलं तर म्हणे, "हवा खाऊन राह्यली."

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गावातली पोरं चाकांचे लाकडी बैल ओढत घरोघर खाऊ मागत फिरत होती. आई एकेका बैलाला कुंकू लावून पोरांच्या हातावर खाऊ ठेवत होती. पोरं पांगली आणि मागे उरले बाबा. डोक्यावर पांढरी टोपी, मिशा पिकलेल्या, आणि हातातल्या दोरीला वीतभर लाकडी बैल! कुठे तोंड लपवू असं मला झालं. आईने आधी बैलाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"कोणाचं पोट्टं होय रे हे?"

"याच घरचं हाय..." बाबांचा आवाज चिरकला.

"मंग भायेर काहून उभं? ये आत."

त्यानंतर बाबा घरीच राहिले. पण दर तान्ह्या पोळ्याला तो बैल घेऊन मुद्दाम बाहेर जाऊन उभे राहायचे, आई "ये आत" म्हणेपर्यंत. "बाबा, पुरे आता," असं मी म्हटलं की हसून म्हणायचे, "थांब वं. तिनं बलावल्याबिगर कसा येऊ?"

यंदा घरात सण नव्हता. पोरं आमचं दार टाळून पुढे गेली. मी बाहेर आले, तर आईने भिंतीतल्या देवळीतला बाबांचा बैल पुसून दाराबाहेर ठेवला होता, तोंड घराकडे करून. दोरी तिच्या हातात. उंबरठ्याच्या आत बसून ती हळूच म्हणाली, "ये आत," आणि दोरी ओढली. चाक उंबरठ्याला अडलं. मी वाकून हात लावला.