हात चालतो, तोंड चालत नाही

काजूगर घशात अडकला आणि माझा श्वास बंद झाला. समोर शेजारची नर्स होती. विलायतेत नोकरीला तिथली परीक्षा देऊन नोंदणी करावी लागते. त्या परीक्षेत ती एकदा नापास होऊन आलीय. तिथे प्रत्येक काम इंग्रजीत बोलत करायचं, आणि हिचे हात मुक्यानेच चालतात. म्हणून रोज मला पेशंट करून ती इंग्रजीत नाव विचारते, हात लावू का म्हणते.

त्या दिवशी तिने काहीच विचारलं नाही. मला वाकवून पाठीत दणके घातले. गर बाहेर पडला.

ती रडायला लागली. "काकी, आजय मी कायच बोलूक नाय! फुडच्या म्हयन्यात परत परीक्षा आसा."

"मेलेल्या म्हातारेक नाव इचारून काय करतलंस गो?"

ती पास होईल की नाही, ठाऊक नाही. मी जगले.