केसपेपरवरचा पत्ता

"नवऱ्याने मारलं म्हणतेस. मग केसपेपरवर 'पडली' लिहू की 'मारलं' लिहू? मोठ्याने बोल."

डहाणूच्या एका खाजगी दवाखान्याची खिडकी. माझ्यामागे वीसेक माणसं. डावं मनगट सुजून टम्म. मी हळूच म्हटलं, "मारलं लिहा." खिडकीतल्या क्लार्कने ते सगळ्यांना ऐकू जाईल असं उच्चारलं. वर म्हणाला, "तुमच्या पाड्यांवर रोजचंच आहे हे." मागे कुणीतरी हसलं. मी मान खाली घातली. विचारलं तेवढं सांगितलं. तलासरीचं सासर सोडून मी कैनाडला मावशीकडे आले होते, तोच पत्ता दिला. "हा कुणाला सांगू नका," एवढं मात्र म्हणाले. त्याने वर बघितलंही नाही.

चौथ्या दिवशी सकाळी नवरा मावशीच्या दारात. मी भांडी घासत होते.

"दवाखान्यात विचारलं. लगेच दिला पत्ता."

हसत म्हणाला. मग केस धरले. मावशी मध्ये पडली. साठीची बाई. त्याने तिला उंबऱ्यावर ढकललं. खुब्याचं हाड मोडलं.

जवळचा दवाखाना तोच. मावशीला तिथेच भरती केलं. क्लार्कला विचारलं, "माझा पत्ता का दिलात?"

"नवराच आहे ना तुझा? परका थोडाच आहे?"

मार मी खाल्ला होता, आणि लाजही मीच वाटून घेत होते. तिथे ती संपली.

पोलिसांत गेले. संरक्षण अधिकारी बाई भेटल्या. म्हणाल्या, पेशंटची माहिती तिला न विचारता द्यायची नसते, नवऱ्यालाही नाही. मी दवाखान्याविरुद्ध तक्रार लिहिली. सातवी शिकलेय. अक्षर वेडंवाकडं. पण स्वतः लिहिली.

मोठ्या डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाले नाहीत.

"क्लार्कची नोकरी जाईल. तक्रार मागे घे, या कागदावर सही कर. मावशीचे उपचार फुकट करतो."

क्षणभर वाटलं, घ्यावी मागे. खोटं कशाला सांगू? बाहेर येऊन मावशीला विचारलं. ती कण्हत होती.

"पोरी, मी पडून राहीन. तू सही नको करू."

केली नाही. तिला दुसरीकडे हलवलं. ती अजून चालत नाही. क्लार्क अजून खिडकीत बसतो. नवरा जामिनावर सुटलाय, मला शोधतोय. मी जागा बदललीय. कुठे, ते इथेही सांगणार नाही.

कोर्टाची एकही तारीख चुकवलेली नाही. माझी साक्ष होईल तेव्हा सांगेन, मारलं कुणी आणि त्याला रस्ता दाखवला कुणी. दोघांची नावं घेऊन.