ओला स्फटिक

पीएच.डी.च्या शेवटच्या उन्हाळ्यात माझं सगळं एका खड्यावर अडलं होतं. अमरावतीच्या प्रयोगशाळेत मी बनवलेला पदार्थ दोन वर्षं चिकट पाकासारखाच राहिला होता. त्याच्या रेणूची रचना सिद्ध करायची तर एक नितळ स्फटिक पुण्याला नेऊन त्यावर क्ष-किरण टाकायला हवे होते. त्याशिवाय प्रबंधावर सही नाही, असं सरांनी बजावलं होतं.

द्रावण खोलीच्या तापमानाला हळूहळू निवू द्यावं, असं पुस्तकं सांगतात. लिहिणाऱ्यांनी आमची मे महिन्यातली खोली पाहिली नसावी.

तोड काढली ती प्रयोगशाळेतल्या मामांनी. ते आमचे परिचर, निवृत्तीला महिना राहिलेले. त्यांनी माठाखालच्या ओल्या वाळूत माझी बाटली रोवली, तोंडावर बारीक भोकाचा कागद बांधला आणि मला दम भरला, "हात लावू नको वं. रोज हलवशीन तं भुगाच पडन."

मी मुळातच गुडघ्याला बाशिंग बांधलेली, पण कशीबशी थांबले. बाराव्या दिवशी मामांनी बाटली अलगद उचलली. तळाशी तांदळाएवढा खडा होता, पलीकडचं बोट दिसावं इतका नितळ. दोन वर्षं पाकात भटकणारे रेणू एकेक करून रांगेत बसले होते. आम्ही दोघं उकिडवे बसून कितीतरी वेळ बघत राहिलो. इतका आनंद मला पदवी मिळाली तेव्हाही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्याचं तिकीट काढून आले, तर खडा टिपकागदावर, खडूसारखा पांढराफटक.

"ओली वस्तू कोनी डब्यात भरते का?" मामा म्हणाले. "म्हनून वाळवून ठेवला. प्रवासात सडला असता."

आमच्याकडे पापड काय, तूर काय, वाळवल्याशिवाय डब्यात जात नाही. पण या स्फटिकात रेणूंच्या मधेमधे द्रावणातलं स्पिरिटही बसलेलं होतं. ते उडालं आणि आतली घडण ढासळली. हे मी मामांना कधी सांगितलंच नव्हतं. तरी हातातोंडाशी आलेला घास गेला म्हणून सगळ्यांदेखत ओरडले, "समजत नाही तर हात कशाला लावता?"

मामांनी टिपकागद माझ्यापुढे सरकवला आणि ते बाहेर गेले. महिनाअखेर निवृत्त होऊन अकोल्याला मुलाकडे राहायला गेले. त्यांच्या निरोपाच्या चहाला मी गेले नाही, याची आजही लाज वाटते.

खरं तर वाया काहीच गेलं नव्हतं. तोच भुगा बाटलीत उरलेल्या द्रावणात पुन्हा विरघळवून त्याच वाळूत ठेवला, तर पंधरवड्यात तीन खडे आले, आधीच्यापेक्षा मोठे. एक पुण्याला गेला आणि सही झाली. एक मी द्रावणासकट बाटलीत बंद करून अकोल्याला नेला.

मामा ओट्यावर बसले होते. मला पाहून हसले, आत चहा सांगितला. मी बाटली पुढे धरली. चष्मा सावरत, वाकून त्यांनी डोळे भरून पाहिलं.

"लय साजरा झाला, पोरी."

"घ्या ना हातात," मी म्हटलं.

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको. तूच धर."